जमादारणीची कातरणी

आमच्या सासूबाईंना बाजारात सगळे जमादारीण म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नाही. मी घरात म्हणते, तेही त्या मागच्या अंगणात आहेत याची खात्री करून. नवरा म्हणतो, “आईबद्दल असं बोलू नये.” मी म्हणते, मग आईंनी तसं वागू नये. यावर तो आपले बूट शोधायला लागतो. वाद नको असला की याचे बूट हरवतात.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या मांडीवर एक ओलं कोकरू ठेवलं आणि हातात दुधाची बाटली दिली. “मनगटावर थेंब टाकून बघ,” म्हणाल्या. मी बघितलं, म्हटलं, “कोमट आहे.” “तुझ्या मनगटाचं काय खरं,” म्हणाल्या आणि बाटली काढून घेतली. माझा अजून चहासुद्धा झाला नव्हता. तेव्हापासून आमचं जे सुरू झालंय ते आजतागायत चालू आहे.

बाईला मेंढी मात्र कळते. हे मी खुशीनं सांगत नाहीये. कुठली मेंढी आज विणार ते त्या तिच्या नुसत्या बसण्यावरून ओळखतात. कोकरू आडवं आलं तर बाही वर करून, हात घालून सरळ करतात आणि वर मेंढीलाच दम देतात, “ओरडतेस कशाला, मी काय हौस म्हणून आलेय?” पायात सासऱ्यांचे बूट, पुढे लोकर कोंबून बसवलेले. सासरे गेले, बूट राहिले. त्या बुटांचा आवाज अंगणात आला की कुत्रं बाकाखाली जातं आणि मी भांडी जरा जोरात आपटते, काम चाललंय हे कळावं म्हणून.

आमचं शेड एकच आहे, लांबलचक. सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यात मधोमध फळ्यांची भिंत घातली. अलीकडे आम्ही, पलीकडे चुलत सासूबाई. मग तो धाकटा भाऊही गेला. दोघे भाऊ सुटले आणि भांडण तेवढं या दोन जावांच्या नावावर करून गेले. चुलत सासूबाईंना मी काकू म्हणते, सासूबाई त्यांना ‘पलीकडची’ म्हणतात. अंगणाला अंगण लागून आहे, पण वर्षानुवर्षं बोलणं नाही. काकूंना काही सुनवायचं असलं की सासूबाई ते कुत्र्याला सांगतात, मोठ्यानं. काकू त्यांच्या कोंबड्यांना सांगतात. दोघींचे निरोप अगदी वेळेवर पोचतात.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी काकू चार लोकांत म्हणाल्या की आमच्या अर्ध्या शेडची वाऱ्याकडची भिंत त्यांच्या नवऱ्यानं ठोकली होती, फळ्याही त्याच्याच पैशाच्या. खरंही असेल. दुसरं कुणी असतं तर या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन त्यांनी ती अख्खी भिंत उचकटली आणि एकेक फळी नेऊन काकूंच्या अंगणात टाकली. “लखलाभ होवो,” म्हणाल्या, कुत्र्याला. भिंतीच्या जागी पोती शिवून टांगली. नवरा म्हणाला, “मी नव्या फळ्या आणतो.” तर म्हणे, “माझ्या मेंढ्यांच्या अंगावर लोकर आहे. त्यांना कुणाच्या फळ्यांची गरज नाही.” आणि खरंच हिवाळाभर मेंढ्या त्या पोत्यांमागे सुखानं रवंथ करत बसल्या. सासूबाई येता-जाता काकूंच्या खिडकीकडे बघायच्या, बघितलंस का, अशा थाटात.

मग वसंत आला. लोक वसंताबद्दल काय काय लिहितात. आमच्याकडे वसंत म्हणजे चिखल. शेडमध्ये हिवाळाभर साचलेलं खत खणून बाहेर काढायचं, मेंढ्यांचे खूर तासायचे, आईनं झिडकारलेली कोकरं चुलीजवळ खोक्यात ठेवून दर थोड्या वेळानं पाजायची. माझ्या हाताचा वास साबणाला दाद देत नाही. मुलगी शाळेतून येते आणि दारातच नाक धरते. बाहेर गवताला कोवळे कोंब फुटलेले असतात, झाडं पालवलेली असतात, आणि आपल्याला मान वर करून बघायला फुरसत नसते. उन्हाला जरा ऊब आली की शेवटचं मोठं काम उरतं, लोकर कातरायचं.

कातरणारा या भागात एकच आहे. यंत्र घेऊन घरोघर फिरतो. रस्त्यावर आमचं घर आधी लागतं, म्हणून तो आधी आमच्याकडे आला. यंत्र खाली न ठेवताच आभाळाकडे बघून म्हणाला, “बाई, हवा बरी दिसत नाही. वारा फिरलाय. मी बाकीच्यांकडचं उरकून पुढच्या आठवड्यात येऊ का?”

सासूबाईंनी त्याच सकाळी अंगणात नाक वर करून हवा हुंगली होती आणि मला सांगितलं होतं की आज मेंढ्यांना हात लावायचा नाही. त्या ‘ये’ म्हणणारच होत्या. पण त्या शहाण्यानं पुढे एक वाक्य जोडलं. म्हणाला, “पलीकडच्या बाई वाटेत भेटल्या, त्यांनाही विचारलं. त्या थांबते म्हणाल्या.”

झालं. सासूबाईंनी ओठ आवळले. “ती थांबते म्हणून मी थांबू होय? लाव यंत्र. आधी ठिपकीला घे.”

मी म्हटलं, “आई, सकाळी तुम्हीच म्हणालात हवा वाईट आहे.”

“सकाळचं बरं ऐकू आलं तुला. एरवी हाक मारली तर येत नाही.”

नवरा बूट शोधायला गेला. कातरणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं यंत्र लावलं. ठिपकी पहिली. ठिपकी म्हणजे आमच्या कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी. तिला सासूबाईंनी बाटलीवर वाढवलेलं. ती पुढे निघाली की बाकीच्या मुकाट मागे निघतात, आणि ती फक्त सासूबाईंच्या मागे निघते. माझ्याकडून पेंड खाते, पण तोंड फिरवून.

संध्याकाळपर्यंत एकूण एक मेंढी भादरून झाली. नुकती भादरलेली मेंढी म्हणजे बघवत नाही. एवढं भरदार जनावर, आणि आतून निघतात काटक्या. कोकरं आपल्याच आयांना ओळखेनात, नुसता कालवा चालला होता. काकू दारात उभ्या राहून कोंबड्यांना म्हणाल्या, “थंडी वाजेल गं बायांनो, आत चला.” कोंबड्या तर आधीच आत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं व्हायच्या आत वारा सुटला. आधी नुसता वारा, मग पाऊस, मग त्या पावसात बर्फाचे खडे. मी शेडकडे धावले तर पोती भिजून जड होऊन फाटली होती आणि दाराएवढ्या भोकांतून पाणी आडवं आत येत होतं. मेंढ्या मधल्या भिंतीला चिकटून एकमेकींवर चढल्या होत्या. खालच्या गुदमरत होत्या आणि वरच्या भिजत होत्या. मी एकीच्या तोंडात बोट घातलं. मेंढीचं तोंड आतून गरम असतं. हे गार होतं.

एवढंच आहे आमच्याकडे. शेत नाही, नोकरी नाही, त्या पोत्यांमागे उभं होतं तेवढंच. त्या मेल्या असत्या तर आम्हाला उद्या काय करायचं हेच कळलं नसतं. आणि मधल्या भिंतीच्या पलीकडे काकूंचं अर्धं शेड कोरडं ठणठणीत होतं, वाळलेल्या गवतानं भरलेलं, चारी बाजूंनी फळ्या. त्यांच्या मेंढ्या लोकर पांघरून झाडांच्या आडोशाला बसल्या होत्या. त्यांना शेडची गरजच नव्हती.

“आई, काकूंना दार उघडायला सांगा,” मी म्हटलं.

“घरात घे,” सासूबाई म्हणाल्या.

“काय घरात घे?”

“मेंढ्या.”

आणि घेतल्या हो. स्वयंपाकघरात घेतल्या, बाहेरच्या खोलीत घेतल्या, माझ्या झोपायच्या खोलीत घेतल्या. एक मेंढी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून स्वतःकडे बघत होती, बहुतेक तिलाही पटत नव्हतं. एक पडदा चघळत होती. मोरीत दोन. मुलीला पलंगावर बसवलं तर तिच्याही शेजारी एक. एवढं करून निम्म्यासुद्धा मावल्या नाहीत. फरशी ओली आणि गार, चुलीपाशी जागा तीन-चारच मेंढ्यांची, आणि बाकीच्या तिकडे पोत्यांमागे तशाच. ठिपकी चुलीजवळ आणली होती. ती उभ्या उभ्या थरथरली, मग पुढचे पाय दुमडून बसली.

माझं डोकं फिरलं. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि काकूंचं दार वाजवलं. काकूंनी दार किलकिलं केलं. आतून गरम हवा आली, रेडिओ चालू होता.

“काकू, शेडचं दार उघडा. मेंढ्या मरतायत.”

“दिसतंय मला. खिडकी आहे मला.”

“मग उघडा ना.”

“तिला पाठव. तिनं येऊन माझ्याकडे मागावं. एवढी वर्षं मी पलीकडची आहे ना, मग पलीकडे येऊ दे की.”

मी परत आले आणि सासूबाईंना शब्द न् शब्द सांगितला. त्या उठल्या, डोक्यावर पोतं घेतलं आणि निघाल्या. मला वाटलं सुटलो. मी मागोमाग गेले.

दोघी दारात समोरासमोर उभ्या राहिल्या. सासूबाईंच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

“माझ्या मेंढ्या मरतायत,” त्या म्हणाल्या.

“मग?” काकू म्हणाल्या.

“मरतायत म्हटलं ना.”

“ऐकलं मी. मग मी काय करू, तेवढं सांगा.”

एक वाक्य हवं होतं. ‘दार उघड’ एवढंसुद्धा पुरलं असतं, मला काकूंचा चेहरा दिसत होता. किल्ली त्यांच्या हातात होती, आधीच काढून आणलेली. सासूबाईंनी त्या किल्लीकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि मागे फिरल्या. काकूंनी दार आपटलं. मी त्या दोघींच्या मध्ये पावसात उभी, आणि आयुष्यात इतका संताप मला कधीच आला नव्हता. दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीशी वाटली. तिकडे जनावरं जीव सोडतायत आणि या दोघींना एकमेकींची तोंडं उघडायला लावायची होती.

घरामागून कुऱ्हाड आणली. नवरा शेडमध्ये एका मेंढीला पोत्यानं चोळत होता. बिचारा तेवढं मनापासून करत होता. माझ्या हातातली कुऱ्हाड बघून म्हणाला, “अगं, आईला विचार.”

“तू बाजूला हो,” मी म्हटलं.

पहिला घाव फळीवर आपटून परत आला. दुसऱ्याला फळी चिरली. मग मला जोर चढला. प्रत्येक घावाला एकेक गोष्ट आठवत गेली, माझं मनगट आठवलं, चारचौघांत नावं ठेवलेली माझी भाकरी आठवली, आणि काकूंनी माझ्या मुलीला अंगणातून हाकललेलं आठवलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. तीन फळ्या पडल्या आणि गवताचा वास आला. मेंढ्यांना तो माझ्या आधी आला असावा. माझ्या पायांवरून, कुऱ्हाडीवरून, एकमेकींवरून त्या पलीकडे घुसल्या आणि गवतात शिरल्या.

आवाजानं काकू काठी घेऊन धावत आल्या. “भिंत तोडलीस? कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही.”

“तुला पोलिसांत देते.”

“द्या. आधी त्या पेंढ्या सोडा, खाली पसरायला गवत कमी पडतंय.”

काकूंनी काठी टाकली. मला, माझ्या आईवडिलांना, मला या घरात आणणाऱ्याला, सगळ्यांना एकेक करून शिव्या घातल्या, आणि शिव्या घालता घालताच पेंढ्या सोडून गुडघाभर गवत पसरलं. जी मेंढी पडली होती तिला स्वतःच्या शालीनं चोळली. “तुमच्या घरात कुणालाच अक्कल नाही,” असं तिला सांगत होत्या. मेंढीनं ऐकून घेतलं.

मग नवरा आणि मी घरातल्या मेंढ्या पावसातून पळवत तिकडे नेल्या. सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या, ठिपकीचं डोकं मांडीवर. नेऊ नका म्हणाल्या नाहीत, न्या म्हणाल्या नाहीत. आम्ही एकेक नेत राहिलो. शेवटी एकटी ठिपकी उरली.

“आई, हिला उचलू या. तिकडे गवत आहे, बाकीच्यांच्या अंगाची ऊब आहे.”

“इथं चूल आहे.”

“फरशी गार आहे. तिचं बूड बघा कसं पडलंय. आई, ऐका.”

“मी आहे ना तिच्याजवळ.” त्यांनी आपला कोट काढून तिच्यावर घातला, वर माझी गोधडी घातली. “त्या बाईच्या गवतावर माझी ठिपकी बसणार नाही.”

मी हात जोडले, मग हात उगारायचे बाकी ठेवले. नवरा रडकुंडीला आला, “आई, असं काय करतेस.” ढिम्म. त्या तिचे कान चोळत राहिल्या. बाटलीनं कोमट गुळाचं पाणी पाजत राहिल्या, ते तिच्या तोंडाच्या कडेनं बाहेर येत राहिलं. आम्ही दोघांनी उचलायचा प्रयत्न केला तर माझ्या हातावर फटका मारला.

सकाळी पाऊस थांबला. मी आधी शेडमध्ये गेले. गवतातून वाफा निघत होत्या. मेंढ्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या, कोकरं कासेला लागून शेपट्या हलवत होती. मी पुन्हा पुन्हा बघितल्या. सगळ्या होत्या. तिथंच खाली बसून मी रडले. मग घरात आले, आणि ठिपकी मेली होती. सासूबाई तशाच बसलेल्या, बिनकोटाच्या, हात तिच्या मानेखाली. पाय आखडले होते, त्यांना उठता येत नव्हतं.

मी बोलणार होते. रात्रभर वाक्यं तयार करून ठेवली होती, एकाहून एक. तेवढ्यात मागच्या दारानं काकू आल्या, उंबऱ्याजवळची खचलेली फरशी न बघता चुकवून. गवताबद्दल भांडायला आल्या होत्या, पदर खोचूनच. त्यांनी ठिपकीला बघितलं.

“ही का नाही आणलीत?”

सासूबाईंनी कोटाची कड ठिपकीच्या मानेवर ओढली.

“आणली असतीत तर जगली असती,” काकू म्हणाल्या.

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या.

माझी सगळी वाक्यं तिथंच संपली. त्या बाईच्या तोंडून असं काही ऐकावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती, आणि ऐकलं तेव्हा मला ते नको झालं. त्यांचा रागही येत होता, अजून येतो. गवत दहा पावलांवर होतं.

काकूंनी खोचलेला पदर सोडला. मग वाकून त्यांनी सासूबाईंना काखेत हात घालून उठवलं आणि स्वतः ठिपकीचे मागचे पाय धरले. सासूबाईंनी पुढचे धरले. मी पुढे झाले तर दोघींनी मला बाजूला सारलं. तिला पुरायला अंगणातून निघाल्या, बूट चिखलात रुतत होते, दोघींना ओझं पेलत नव्हतं.

“तुमच्या सुनेनं भिंतीचा चुराडा केलाय,” काकू म्हणाल्या. “गवत नासलं ते वेगळं.”

“बघितलं मी.”

“भिंतीचं काय?”

“मेंढ्यांच्या अंगावर लोकर येऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “मग घालू.”

“हिच्याकडूनच घालून घ्या. कुऱ्हाड चालवता येते तर हातोडाही येईल.”

“घेते ना. सोडते की काय.”

“पहिल्यापासून तोंडाळ आहे.”

“तुला काय सांगू,” सासूबाई म्हणाल्या.

मी मागून ओरडून सांगितलं की भिंत मी घालणार नाही, मेले तरी घालणार नाही. ठिपकीला दोन्हीकडून धरून त्या माझ्याबद्दल बोलत खालच्या झाडांकडे चालत राहिल्या. दोघींपैकी एकीनंही मागे वळून बघितलं नाही.